विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष झालात? पहिल्या आठवड्यापासून फाईल सोपवेपर्यंत काय काय करायचं

निवड झाली की दोन दिवस नुसते अभिनंदनाचे मेसेज येतात, फोटो होतात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवर कुणीतरी गाठतं आणि विचारतं, ताई, परीक्षा फॉर्मची मुदत वाढवून मिळेल का, विलंब शुल्क परवडत नाहीये. मला पहिल्याच आठवड्यात एका मुलाने हे विचारलं आणि मी "बघते, करते काहीतरी" म्हणाले. ती मुदत कॉलेजच्या हातात नसतेच, विद्यापीठाचा परीक्षा विभाग ती ठरवतो, हे मला चार दिवसांनी कळलं, आणि तोवर तो बिचारा माझ्या भरवशावर थांबला होता, त्याला शेवटी अतिविलंब शुल्क भरावं लागलं. ती गोष्ट अजून मनाला लागून आहे. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

मी तालुक्याच्या गावच्या सिनियर कॉलेजला होते, कला-वाणिज्य-विज्ञान, निम्म्याहून जास्त पोरं-पोरी एसटीने येणारी. त्यामुळे माझी उदाहरणं तिथलीच आहेत. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजात गर्दी वेगळी असेल, पण कायदा तोच आणि कागदही तेच.

पहिली पायरी : आपली खुर्ची नक्की कुठली ते समजून घ्या

बहुतेक ठिकाणी अजून "जीएस" (जनरल सेक्रेटरी) म्हणतात, पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ (लागू झाला १ मार्च २०१७ पासून) त्यात पदाचं नाव अध्यक्ष आहे. कलम ९९ काढून एकदा नीट वाचाच, मराठीतपण मिळतं. कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी असे चार पदाधिकारी, शिवाय प्रत्येक वर्गाचा सीआर म्हणजे वर्ग प्रतिनिधी, आणि एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक यांचा प्राचार्यांनी नेमलेला एकेक जण.

या चौघांना सगळ्या विद्यार्थ्यांनी थेट मत देऊन निवडायचं असं हा कायदा म्हणतो. त्याआधी १९९४च्या कायद्यापासून खुल्या निवडणुका बंदच होत्या, मार्कांवर सीआर आणि सीआरमधून जीएस अशी पद्धत होती, कारण आधीच्या काळात कॉलेजच्या निवडणुकीत मारामाऱ्या आणि खुनापर्यंत मजल गेली होती. २०१९ला थेट निवडणुकीचं वेळापत्रक लागलं, मग पूर आला, विधानसभा निवडणूक आली, ते पुढे ढकललं, आणि पाठोपाठ कोविड. आमच्याकडेपण सीआर लोकांतूनच निवड झाली होती. मला विचाराल तर थेट मतदान व्हायलाच पाहिजे, वर्गावर्गात जाऊन मत मागितलेला माणूस नंतर वर्गात तोंड दाखवायला बांधलेला राहतो.

तुमच्याकडे निवडणूक होणार असेल तर लिंगडोह समितीच्या शिफारशी माहीत पाहिजेत, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये त्या लागू करायला सांगितल्या. उमेदवाराला खर्च ५,००० रुपयांपर्यंत, छापील पोस्टर नाही, हाताने केलेलेच आणि तेपण ठरवून दिलेल्या जागीच, हजेरी किमान ७५ टक्के, त्या वर्षी कुठला विषय राहिलेला नसावा, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशोब द्यायचा. पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येतं, म्हणजे तुमच्याकडे एकच वर्ष आहे असं धरून चाला. खरं तर वर्षपण नाही, ऑगस्ट-सप्टेंबरला परिषद बसते आणि मार्चला परीक्षा, हातात सहा महिने.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला जानेवारीत कळलं आणि तुम्हाला आज कळतंय. कलम ९७ प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, सीडीसी म्हणतात, आणि परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे तिचे सदस्य असतात. निमंत्रित वगैरे नाही, सदस्य. तिथे संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी, प्राध्यापक, ऑफिसचा प्रतिनिधी बसतात आणि कॉलेजचं बजेट तिथून पुढे जातं. वर्षातून किमान चार बैठका व्हायला पाहिजेत. पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांना विनंती अर्ज द्या की या वर्षीच्या सीडीसीच्या बैठकांच्या तारखा आणि विषयपत्रिका मिळावी. मी मागितली नाही म्हणून माझ्या दोन बैठका गेल्या.

दुसरी पायरी : माणसं ओळखा, आणि वर्गात जा

प्राचार्यांना भेटणं सोपं असतं, ते नवीन अध्यक्षाला चहापण पाजतात. तुमचं रोजचं काम मात्र ऑफिसात. स्कॉलरशिपचं टेबल कोण बघतं, परीक्षेचं कोण, आवक-जावक रजिस्टर कुणाकडे असतं, ग्रंथपाल, जिमखान्याचे सर, विद्यार्थी विकास अधिकारी, आणि ज्यांच्याकडे सगळ्या खोल्यांच्या चाव्या असतात ते शिपाई मामा. प्रत्येकाला जाऊन एकच विचारा, तुमच्या टेबलावर पोरांची सगळ्यात जास्त धावपळ कशाने होते. आमच्या स्कॉलरशिपच्या मॅडमनी मला अर्धा तास बसवून जे सांगितलं त्यावर माझं अर्धं वर्ष चाललं, ते खाली सांगते.

मग वर्गात. तास सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं सरांकडून मागून घ्यायची, भाषण करायचं नाही, नाव सांगायचं, नंबर फळ्यावर लिहायचा आणि वही काढून विचारायचं. पुढच्या बाकावरचे बोलतात, मागचे बोलत नाहीत आणि मुली तर वर्गात बहुतेक बोलतच नाहीत, त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत लेडीज रूममध्ये जाऊन बसा, एक-दोन दिवस नुसतं बसा, तिसऱ्या दिवशी सगळं कळतं. आमच्याकडे नळाला पाणी दुपारी दोननंतर येत नव्हतं आणि हे तीन वर्षांत कुणी लिहून दिलेलं नव्हतं. कमवा व शिका योजनेत काम करणारी मुलं, चालायला त्रास असणारा एखादा विद्यार्थी ज्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर ठेवलाय, बाहेरगावची खोली करून राहणारी, यांना शोधत जावं लागतं, ती आपणहून येत नाहीत.

वहीत जे जमा होईल त्याचे तीन भाग करा. कॉलेजच्या हातातलं (पाणी, लायब्ररीची वेळ, वर्गखोली), विद्यापीठाच्या हातातलं (निकाल, परीक्षा, पुनर्मूल्यांकन), आणि बाहेरच्यांच्या हातातलं (एसटी, तहसील, बँक). समोरच्याला लगेच सांगून टाका की हे कुणाच्या हातात आहे आणि तोवर त्याने काय करावं. "फॉर्म आज भरून टाक, मी मुदतवाढीसाठी अर्ज देते" एवढं मी त्या मुलाला म्हणाले असते तरी पुरे होतं.

तिसरी पायरी : लेखी द्या, पोच घ्या

या अख्ख्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. तोंडी सांगितलेलं सगळ्यांना आवडतं, प्राचार्य "हो हो करून टाकू" म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात, पण त्यांच्या मागे पन्नास कामं असतात आणि ते विसरून जातात. अर्ज एका पानाचा करा. वर प्रति, विषय एका ओळीत, मग त्रास कुणाला किती जणांना आणि कधीपासून, मग नेमकं काय पाहिजे, आणि शेवटी सोबत जोडलेली यादी. एका अर्जात एकच मागणी, सात मागण्यांचं निवेदन दिलं की त्यातली सगळ्यात सोपी पूर्ण करतात आणि बाकीच्या तशाच राहतात. दोन प्रती न्यायच्या, एक आवक टेबलावर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. आठ-दहा दिवसांनी स्मरणपत्र, त्यात "आमचा अर्ज आवक क्र. अमुक, दिनांक अमुक" असा संदर्भ. आवाज चढवायची गरज पडत नाही.

आमच्या बसची गोष्ट सांगते. शेवटचा तास ४.४० ला सुटायचा आणि वरच्या वस्त्यांकडे जाणारी एसटी साडेचारला स्टँडवरून निघायची, त्याच्यानंतर थेट सव्वासातला. हिवाळ्यात सव्वासात म्हणजे अंधार, त्यामुळे त्या बाजूच्या मुली शेवटचे दोन तास बुडवूनच जायच्या, प्रॅक्टिकल बुडायचं, हजेरी जायची, आणि दोघींच्या घरी तर कॉलेज बंद करायचं बोलणं सुरू झालं होतं. मी काय केलं, तीस-चाळीस जणांना घेऊन डेपोत गेले, घोषणा झाल्या, वाहतूक नियंत्रक बाहेर आले, ऐकून घेतलं, "कळवतो वर" म्हणाले. पंधरा दिवस काहीच नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही तिघीच गेलो. जाण्याआधी चार दिवस वर्गावर्गात फिरून तक्ता केला होता. गाव, त्या गावचे किती विद्यार्थी, त्यातले पासधारक किती, पास नंबर, आणि शेवटचा तास किती वाजता सुटतो. बेरीज आली ६७. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं पत्र, त्याला टाइमटेबलची प्रत जोडलेली. आगार व्यवस्थापकांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला आणि पहिल्यांदा पास नंबरांवर बोट फिरवत गेले, मग विचारलं, "या ६७ मधले रोज किती येतात?" मी म्हटलं पन्नासच्या खाली नाही. मग त्यांनीच ड्युटीचा कागद काढला, ड्रायव्हर-कंडक्टरची पाळी कुठे बसते ते बघितलं, आणि दहा दिवसांनी बस ५.१० ला निघायला लागली. त्यांना आमचं म्हणणं आधीपण पटलेलं असणार, पण वेळ बदलायला त्यांनाही वर दाखवायला कागद लागतो आणि तो आम्ही पहिल्या वेळी नेलाच नव्हता.

एसटीचं आहे म्हणून आणखी एक, विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा असतो, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे पण सिनियरच्या मुलींना नाही, दरवर्षी एफवायच्या मुलींचा यात गोंधळ होतो. बोनाफाईडसाठी ऑफिसात रांग लागते, त्यापेक्षा डेपोशी बोलून पास कॉलेजातच देण्याची सोय करून घ्या, २०२४ पासून महामंडळ स्वतः शाळा-कॉलेजात पास द्यायची मोहीम चालवतंय.

चौथी पायरी : स्कॉलरशिपचं टेबल

गॅदरिंगपेक्षा हे काम मोठं आहे असं मी मनापासून मानते. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, फॉर्म भरला की झालं असं पोरांना वाटतं. फॉर्म आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथे क्लार्क आणि मग प्राचार्य तपासतात, मग पुढे समाजकल्याण किंवा संबंधित विभागाकडे जातो. काही चुकलं असेल तर "सेंड बॅक" होतो, आणि पोरगं पोर्टल परत उघडतच नाही, त्याला वाटतं पैसे आले की मेसेज येईल. मॅडमनी मला जी यादी दाखवली त्यात सेंड बॅक पडलेले आमच्याच वर्गातले चौघं होते.

आम्ही काय केलं, आठवड्यातून दोन दिवस मधल्या सुट्टीत कॉम्प्युटर लॅब मागून घेतली आणि सीआर लोकांना बसवलं. चुका त्याच त्याच असतात. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा, बँक खातं आधारला जोडलेलं नाही (खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि पैसे यायला खातं आधारशी सीड असणं वेगळं, बँकेत जाऊन नेमकं तेच विचारायचं), रेशनकार्डावरचं नाव वेगळं, शिक्षणात मध्ये गॅप असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही. कुठली योजना कुणाला हेपण भिंतीवर लावून ठेवा, अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) स्कॉलरशिपला उत्पन्न मर्यादा अडीच लाख, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला आठ लाख, कितीतरी जण आपण बसत नाही असं समजून फॉर्मच भरत नाहीत. पासवर्ड मात्र कुणाचा लिहून घेऊ नका, ओटीपी घेऊ नका, शेजारी बसा आणि त्याचं त्याला भरू द्या.

पाचवी पायरी : गॅदरिंग आणि पैसे

आधी स्वतःची फीची पावती काढा आणि वाचा. जिमखाना, स्नेहसंमेलन, नियतकालिक, विद्यार्थी कल्याण अशी वेगवेगळी खाती असतात, आपण सगळ्यांनी किती भरले त्याचा अंदाज येतो, आणि मग "बजेट नाही" म्हटल्यावर अर्ज करून विचारता येतं की या खात्यात जमा किती, खर्च किती.

मांडव, साउंड, लाइट प्रत्येकाची तीन कोटेशनं बंद पाकिटात, तुलनात्मक तक्ता, त्यावर समितीच्या सह्या. पैसे कॉलेजने थेट चेकने किंवा ऑनलाइन द्यायचे. ॲडव्हान्स दिला तर पावती त्याच क्षणी. स्पीकर रात्री दहाला बंद म्हणजे बंद, त्यामुळे बक्षीस समारंभ शेवटी ठेवू नका, पाहुण्यांची भाषणं लांबतात आणि नाचणाऱ्या पोरांचे आयटम कापले जातात, ती तीन-तीन आठवडे प्रॅक्टिस केलेली असतात हो.

आणि वर्गणी कधीच स्वतःच्या फोनवर घेऊ नका. मी घेतली. टी-शर्टचे पैसे, दोनशे वीस रुपये प्रत्येकी, सगळ्यांनी माझ्या यूपीआयवर टाकले, त्याच आठवड्यात मावशीने माझ्या क्लासच्या फीचे पैसे त्याच खात्यात पाठवले, काहींनी रोख दिले, काहींनी मैत्रिणीच्या नंबरवरून टाकले, आणि शेवटी १,७६० रुपयांचा मेळ बसेना. कुणी मला काही बोललं नाही, पण ग्रुपवर एकाने नुसतं "हिशोब?" एवढंच लिहिलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट काढून एकेक एंट्री खुणा करत बसले, पाच जणांनी रोख देतो म्हणून दिलेच नव्हते आणि तीन एंट्री दुसऱ्याच नावाने होत्या. तेव्हापासून नियम केला, दोघांनी मिळून घ्यायचे, पावतीपुस्तक, आणि कार्यक्रमानंतर आठ दिवसांत हिशोबाचा कागद नोटीस बोर्डावर बिलांच्या प्रतींसकट.

सहावी पायरी : कुणी तक्रार घेऊन आलं तर

एखादी मुलगी तुमच्याकडे येऊन रडते आणि सांगते की अमुक माणूस त्रास देतोय. ऐका, पाणी द्या, घाई करू नका. स्वतः चौकशी करायची नाही, त्या मुलाला बोलावून दम द्यायचा नाही, दोघांना समोर बसवून मिटवायचं तर अजिबात नाही, आणि ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५च्या नियमांप्रमाणे प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर त्यात तीन विद्यार्थी सदस्यपण असतात. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, समितीला योग्य कारण वाटलं तर मुदत वाढते. तक्रार द्यायची की नाही हे ती ठरवेल, तुम्ही तिला वाट दाखवा आणि ती म्हणाली तर सोबत जा. समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर बोर्डावर लावलेले आहेत का ते आजच बघा.

रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा नंबर २४ तास चालू असतो, तो पहिल्या दिवशीच सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर टाका. फी, कागदपत्रं अडवून ठेवणं, मार्कांचा घोळ यासाठी यूजीसीच्या २०२३च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि पटलं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. इथेपण पोच लागतेच, दिवस तिथूनच मोजतात.

थोडं इतर

संघटनांची माणसं भेटायला येतील, सगळ्याच पक्षांची, काही खरंच मदत करतात, तहसीलमधला दाखला दोन दिवसांत मिळवून देतात. मदत घ्या, आभार माना, पण परिषदेच्या कार्यक्रमात त्यांचा बॅनर लावू देऊ नका आणि परिषदेच्या पत्रावर त्यांच्या मागण्या लिहून देऊ नका, मग ते तुमच्या कितीही जवळचे असोत.

बैठक महिन्यातून एक तरी घ्या आणि इतिवृत्त त्याच दिवशी लिहा, कोण हजर, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. अभ्यासाचं म्हणाल तर मी दुसऱ्या सत्रात एका विषयात काठावर आले, कारण "परिषदेचं काम आहे" म्हणून तास सोडायची सवय लागली. तास सोडायचाच असेल तर आधी सरांना चिठ्ठी, आणि प्रॅक्टिकल कधीच नाही.

शेवटची पायरी : फाईल

मार्चमध्ये परीक्षेच्या धांदलीत हे राहून जातं, म्हणून फेब्रुवारीतच करा. एक जाड फाईल, त्यात सगळ्या अर्जांच्या पोच असलेल्या प्रती तारखेप्रमाणे, इतिवृत्तं, कोटेशनं, हिशोब, ऑफिस-डेपो-बँकेतल्या माणसांची पदं आणि कुठल्या वेळी भेटतात ते, आणि पहिल्या पानावर अर्धवट राहिलेल्या कामांची यादी, प्रत्येकासमोर आवक नंबर. आमची लेडीज रूमच्या टाकीची मागणी माझ्या वर्षात झालीच नाही, सीडीसीत मंजूर झाली आणि थांबली, ती या यादीत पहिली होती. पुढच्या अध्यक्षाने ठराव नंबर दाखवून ती दिवाळीआधी बसवून घेतली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा फोन आला, "ताई, बस परत साडेचारला केलीये, नवीन साहेब आलेत, कुणाला काही माहीतच नाही म्हणतात." मी म्हटलं फाईलमध्ये हिरव्या टॅगमागे तक्ता आहे, गावं तीच आहेत, फक्त नावं आणि पास नंबर नवीन भर आणि जुन्या पत्राची प्रत मागे जोड. तो म्हणाला, "किती जणांना घेऊन जाऊ?" म्हटलं, दोघं पुरे.